अभिप्राय हवा की शाबासकी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या एका खासगी कंपनीने गेल्या उन्हाळ्यात आपल्या संकेतस्थळाचे रूप पालटले आणि माझ्यासारख्या दहा-बारा जुन्या ग्राहकांना पणजीला बोलावून त्यावर अभिप्राय मागितला. या कंपनीचा इन्व्हर्टर माझ्या घरी आहे. तक्रार कंपनीविरुद्ध नसून अभिप्राय मागण्याच्या रीतीविषयी असल्यामुळे नाव देण्याचे प्रयोजन नाही. शिवाय त्या दिवशीची अर्धी चूक माझीच होती.

झाले ते असे. वातानुकूलित खोलीत मोठ्या पडद्यावर संकेतस्थळ उघडले होते. ज्या तरुणाने ते घडवले होते तोच एकेक पान उलगडून दाखवत होता आणि आम्ही मान डोलवत होतो. जुन्या संकेतस्थळावर सरकत्या ओळी, लुकलुकणारे ‘नवीन’ आणि एकमेकांना रेटणाऱ्या चौकटी असत. दिवाळी अंकातील जाहिरातींचे शेवटचे पान आठवावे असा तो प्रकार होता, आणि तो पुन्हा यावा असे मला मुळीच वाटत नाही. नवे पान पांढरे, मोकळे, एक भव्य छायाचित्र आणि चार ओळी एवढेच होते. चहा-भजी झाल्यावर कागद हाती आला : ‘संकेतस्थळ कसे वाटले? अतिशय छान, छान, बरे.’ ज्याने मेहनत केली तो समोर उभा असताना ‘बरे’वर खूण करण्याचा उद्धटपणा कोण करणार? मी ‘अतिशय छान’वर खूण केली आणि साखळीची बस पकडली.

जुलैत एका रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टर सारखा पिपाणी वाजवू लागला. यंत्रावर कंपनीने चिकटवलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपला, तर ‘हे पान सापडले नाही’ असे उत्तर आले. संकेतस्थळ बदलताना पानांचे पत्ते बदलले होते आणि जुन्या पत्त्यावरून येणाऱ्याला नव्या पत्त्यावर आपोआप नेण्याची सोय, जिला या क्षेत्रातले लोक ‘रीडायरेक्ट’ म्हणतात, ती करायची राहून गेली होती. मग मुख्य पानावरून प्रयत्न केला. पावसात रेंज जेमतेम. ते भव्य छायाचित्रच उतरायला मिनिटे लागली. दूरध्वनी क्रमांक कुठेच दिसेना. अखेर शेजारच्या महाविद्यालयीन मुलीने कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबून यादी उघडली, त्यातून ‘संपर्क’ काढले, आणि तेथे तळाशी, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत, तो क्रमांक मिळाला. या तीन रेघांचे चिन्ह झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकासाठी १९८१ साली तयार झाले होते, असे तिनेच नंतर शोधून सांगितले. चाळीस वर्षे होऊन गेली तरी मला ते कळले नाही, हा माझा दोष धरला तरी हरकत नाही. पण अंधारात क्रमांक शोधणारे ग्राहक बहुतेक माझ्यासारखेच असणार.

पणजीच्या बैठकीत यांपैकी एकही गोष्ट उघड झाली नाही, आणि तशी ती होणेही शक्य नव्हते. आम्ही सगळे पुढच्या दाराने, यजमानाचा हात धरून आत गेलो होतो. आम्हाला काही शोधायचे नव्हते, कसली घाई नव्हती, आणि पडदा तर माझ्या मोबाइलच्या कितीतरी पट मोठा होता. बघणाऱ्याला विचारले की तो दिसण्याविषयीच बोलतो. वापरणाऱ्याची अडचण वापरताना कळते. त्या तरुणाने माझ्या हाती माझाच मोबाइल ठेवून ‘इन्व्हर्टर बंद पडला आहे असे समजा आणि दुरुस्तीची नोंद करा’ एवढेच सांगितले असते आणि स्वतः गप्प बसून पाहिले असते, तर पाच मिनिटांत सारे कळले असते. गप्प बसणे मात्र अवघड असते. आपण केलेल्या कामात समोरचा माणूस अडखळताना दिसला की ‘तिथे नाही, इथे दाबा’ हे शब्द तोंडून निसटतातच, आणि तेथेच परीक्षा संपते.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधन केले, म्हणून या गोष्टीकडे माझी पाहण्याची दृष्टी थोडी तशीच आहे. लेखकाला स्वतःच्या लेखनातील चुका दिसत नाहीत, कारण काय लिहायचे होते ते त्याला ठाऊक असते; त्यामुळे प्रूफ दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. तेही एकदा देऊन भागत नाही. पहिले प्रूफ, दुरुस्ती, दुसरे प्रूफ, पुन्हा दुरुस्ती, आणि शेवटी मशीन प्रूफ. संकेतस्थळे वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन या डॅनिश तज्ज्ञाने २००० साली मांडले की पाच जणांना काम देऊन निरीक्षण केले तर वापरातील सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, आणि पंधरा जणांची एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन चाचण्या, मधे दुरुस्ती करून, घेणे अधिक लाभाचे ठरते. आमच्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात ते असे उपयोगी पडेल अशी कल्पना नव्हती. मात्र हे पाच एकसारख्या वापरकर्त्यांपैकी असतील तरच तो हिशेब लागू होतो, हेही त्यांनीच सांगितले आहे. ग्राहकांचे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटातून तीन-चार माणसे घ्यावी लागतात. पणजीत गाडीने आलेले दहा जण म्हणजे दहा मते नव्हेत. वाळपईच्या पुढे राहणारा बागायतदार, पेडण्यातील दुकानदार, चवथीच्या तोंडावर बॅटरी बदलू पाहणारी गृहिणी आणि दृष्टिहीन ग्राहक यांच्यापैकी त्या खोलीत कोणीही नव्हते.

दृष्टिहीन ग्राहकाचा उल्लेख उगाच केलेला नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीएसारखी प्रणाली विनामूल्य मिळते. परंतु या संकेतस्थळावर मराठी माहितीपत्रक चित्र म्हणून चिकटवलेले आहे, आणि चित्रातील अक्षरे अशा प्रणालीच्या दृष्टीने अक्षरेच नसतात. फिकट राखाडीचेही मोजमाप आहे. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून आखलेल्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. अनेक ‘स्वच्छ’ संकेतस्थळांवर दिसणारा मध्यम राखाडी रंग पांढऱ्यावर सुमारे २.८५ : १ एवढाच भरतो. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तेव्हा हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही.

मराठीविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण ते माझ्या जिव्हाळ्याचे आहे. भाषा बदलण्याचे बटण दाबल्यावर आलेली पाने यंत्राने भाषांतरित केलेली आहेत आणि ती कोणीही वाचलेली नाहीत, हे पहिल्याच पानावर कळते. ‘कोटेशन मागवा’ असे म्हणायचे होते, तेथे ‘अवतरणाची विनंती करा’ आले आहे. ‘दरपत्रक’ हा सरळ शब्द बाजारात रोज वापरला जातो. शीर्षकांत इंग्रजी अक्षरांप्रमाणे दोन अक्षरांमधले अंतर वाढवल्यामुळे शिरोरेषा जागोजागी तुटली आहे. खिळे जुळवण्याच्या काळात शिरोरेषा तुटली की आमचे मुख्य जुळारी अख्खी ओळ सोडवायला लावत. येथे तर एक आकडा शून्यावर आणला की काम होते. ओळींमधले अंतरही इंग्रजीच्या मापाने ठेवल्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. हे दोष मराठी वाचणाऱ्या कोणाच्याही नजरेला पहिल्या प्रूफातच आले असते.

याचा अर्थ प्रत्येक सूचना मानावी असा नाही. त्याच बैठकीत एका गृहस्थांनी बोधचिन्ह दुप्पट मोठे करा म्हटले, दुसऱ्यांनी पार्श्वभूमी भगवी सुचवली, आणि मुख्य पानावर संचालकांचे छायाचित्र हवे असाही आग्रह झाला. ग्राहक अडखळला तर ते खरे मानावे. त्याने सुचवलेला उपाय मात्र घडवणाऱ्याने स्वतःच्या अकलेने तपासावा. मुद्रितशोधकही समासात शंका लिहितो, वाक्य बदलत नाही. मोकळी जागा, कमी शब्द, एकच ठळक रंग हे त्या तरुणाचे निर्णय योग्यच होते आणि भगव्या-निळ्याच्या वादात ते बळी पडू नयेत असे मला मनापासून वाटते. दुरुस्तीचा क्रमांक ठळक काळ्या अक्षरांत मुख्य पानावर आला, तर त्या मोकळेपणाला काही बाध येणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आम्हाला बोलावले तेव्हा संकेतस्थळ सुरू होऊन आठवडा झाला होता. छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांचे शुद्धिपत्र निघते, आणि शुद्धिपत्र कोण वाचतो हे मला चांगले ठाऊक आहे. कागदावर काढलेल्या कच्च्या आराखड्यावरही माणसे अडखळतात, आणि तेव्हा बदल करायला खोडरबर पुरतो.

परवा कंपनीकडून पुन्हा एक दुवा आला : ‘आमचे नवे संकेतस्थळ आपल्याला किती आवडले? एक ते पाच तारे द्या.’ मी तारे दिलेले नाहीत. त्याऐवजी कळवले आहे की माझा मोबाइल, इन्व्हर्टरचे हमीपत्र आणि शेजारच्या मुलीची वृद्ध आजी यांना घेऊन मी पणजीला यायला तयार आहे. अट एवढीच की तो तरुण आमच्या मागे बसेल आणि आजींचे काम होईपर्यंत एक शब्दही बोलणार नाही. उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
साखळी, डिचोली