यंदा मिरजेला गाडी बदलायची नाही

बंगळूर, रविवार सकाळ

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा मध्येच "बरं बरं, बघू" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहायला बसले. दोघांनी एकत्र बसून वाचा आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला फोन करू नका.

दक्षिणेची ती अकरा दिवसांची सहल मी रद्द केली आहे. गुरुवारीच केली. भरलेल्या पैशांतले थोडे कापले गेले, पण ते माझे गेले, तुमचे नाहीत. बाबांच्या खात्यात पूर्ण रक्कम टाकली आहे, पासबुक भरून घ्या म्हणजे दिसेल. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, ते चुकलंच. पण विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "अगं, झेपेल आम्हाला," आणि तिच्या त्या आवाजापुढे माझं काही चालत नाही.

मी त्या सहलीचं पत्रक तीनदा वाचलं. अकरा दिवसांत आठ हॉटेलं. पहाटे पाचला बॅगा खोलीबाहेर, सहाला बसमध्ये, दुपारी कुठेतरी जेवण, रात्री नवं गाव, नवी खोली, नवं न्हाणीघर. मागच्या वेळी आई अशाच एका न्हाणीघरात घसरली आणि ते मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही काकूच्या तोंडून निसटलं म्हणून. त्यानंतर भाद्रपदात बाबांचं जे झालं ते झालं. त्या रात्री मी विमानतळावर बसून होते आणि पहिलं विमान सकाळचं होतं. ते चार तास मी अजून विसरलेले नाही. मी डॉक्टरांशी बोलले, तुम्हाला न सांगता. ते म्हणाले, प्रवास जरूर करू द्या, धावपळ नको. एका जागी राहावं, तिथून निवांत फिरावं.

म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही नऊ दिवस मिरजेला जाताय. तिकिटं काढून झाली आहेत.

बाबा काय म्हणणार ते मला इथे ऐकू येतंय. "मिरजेत काय आहे? मिरजेला गाडी बदलायची असते."

खरंच, माझ्या लहानपणीचं मिरज म्हणजे नुसता प्लॅटफॉर्म. मोठ्या रुळांच्या गाडीतून उतरायचं, ट्रंक, वळकटी, पितळी डबा, दादा आणि मी असं सगळं मोजायचं आणि बेळगावच्या छोट्या गाडीकडे जायचं. आई, तू मला वळकटीवर बसवून म्हणायचीस, "इथून हलायचं नाही." मी कधीच हलले नाही. गाडीला वेळ असला की तिथेच माझ्या केसांना तेल लावून घट्ट वेण्या घालायचीस, इतक्या घट्ट की कपाळ ओढलं जायचं. मग कुडचीच्या अलीकडे कृष्णेचा पूल आला की बाबा माझ्या मुठीत नाणं ठेवायचे. आजी गेली, बेळगावचं घर गेलं, छोटे रूळही गेले. एवढ्या वर्षांत मिरज स्टेशनच्या बाहेर मात्र आपण एकदाही पडलो नाही.

जंक्शनच का, तेही सांगते. नुसत्या आठवणीपोटी ठरवलेलं नाही. मिरजेहून चार दिशांना रूळ जातात: पुण्याकडे, कोल्हापूरकडे, बेळगावकडे आणि पंढरपूरवरून कुर्डुवाडीकडे. एका खोलीत बॅगा उघडायच्या, औषधं एका खणात लावायची आणि रोज सकाळी उठून ठरवायचं, आज कुठे. अंगात बरं वाटत नसेल तर कुठेच नाही. सहलीच्या बसला हे कसं चालेल? तिथे तुमच्यामुळे चाळीस माणसं खोळंबतील या धास्तीनं बाबा छातीत दुखत असलं तरी बोलणार नाहीत. मला माहीत आहे. भाद्रपदातही तेच केलंत.

मी मनमाड आणि भुसावळही तोलून पाहिलं. मनमाडहून शिर्डी होते, पैठणीसाठी येवला होतं, अंकाई-टंकाईचा जोडकिल्लाही जवळच आहे. भुसावळहून मुक्ताईनगर, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव आणि खांडव्याच्या गाडीनं बुऱ्हाणपूर. जळगावला उतरलं तर अजिंठा, पण अजिंठ्याला पायऱ्या आहेत. आईच्या गुडघ्यांचं एकदा नीट झालं की पुढच्या वर्षी भुसावळ नक्की. (अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. बाबा, डायरीत लिहून ठेवा.)

मिरजेचं पारडं जड झालं ते दोन कारणांनी. एक म्हणजे ते दवाखान्यांचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वॉनलेस यांनी तिथे मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून लांबलांबची माणसं उपचारांना मिरजेत येतात. काही लागणार नाही. पण मला रात्री झोप लागायला हवी, एवढ्यासाठी लिहिलं. दुसरं कारण असं, की बंगळूरहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी मिरजेला येते. मला नऊ दिवस रजा मिळत नाहीये. मागितली, खूप मागितली, नाही मिळाली. शेवटचे तीन दिवस मात्र मिळालेत. तुमची गाडी उत्तरेकडून येणार, माझी दक्षिणेकडून, आणि दोन्ही जिथे थांबतात ते स्टेशन मिरज. मी नकाशा उघडून बसले होते तेव्हा हे दिसलं आणि मग दुसरं गाव डोक्यातच येईना.

आता खोलीचं. तळमजला आहे, उंबरठा नाही, मी व्हिडिओवर पाहून घेतलं. कमोड आहे, त्याच्या शेजारी धरायला दांडी आहे, गीझर आहे. न्हाणीघरात खरखरीत रबरी चटई घालायला सांगितली आहे. सकाळी साडेसहाला चहा खोलीत आणून देतील, आईचा बिनसाखरेचा आणि बाबांचाही बिनसाखरेचा. जेवणात तिखट कमी करायला दोनदा बजावलंय, पण तिकडचं "कमी" आपल्याला जास्तच होईल, तेव्हा ताटात ताक असू द्या. गादी कडक आहे. उशी बाबांना उंच वाटली तर एक काढून टाका. मालकीणबाई फार चांगल्या आहेत, आईच्याच वयाच्या. बोलायला माणूस मिळेल तुला.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री नऊनंतर कल्याणला येते आणि उजाडायच्या सुमाराला मिरजेला पोचते. दोन्ही बर्थ खालचे आहेत. ज्येष्ठांची रेल्वेची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे तिकिटाचा आकडा पाहून बाबा चुकचुकतील. चुकचुकू नका. एसटीत तुमचं वसूल होईल: पंच्याहत्तरी झाल्यामुळे बाबांना तिकीटच नाही आणि आईला अर्धं. फक्त दोघांची आधार कार्डं वरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

एसटीनं नृसिंहवाडीला जा. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, काठावर दत्ताच्या पादुका. पावसाळ्यात पुराचं पाणी थेट पादुकांवरून वाहतं, तो दक्षिणद्वार सोहळा आजी सांगायची ना? डिसेंबरात नदी शांत असते. दत्तजयंतीच्या आत जाऊन या, त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. घाटाच्या पायऱ्या उतरताना आईनं बाबांचा हात धरायचा आणि बाबांनी कठडा. बासुंदी आईसाठी. बाबांनी कवठाच्या बर्फीचा एक तुकडा, एकच, तोही जेवणानंतर.

खिद्रापूरला एसटीच्या भानगडीत पडू नका, गाडी ठरवली आहे, ड्रायव्हर थांबून राहील. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ आहे ते, बाराव्या शतकातलं. गावात सपाटीवर आहे, गड चढायला नको. पुढच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, खाली उभं राहिलं की खांबांच्या कड्यातून थेट आकाश दिसतं. बाहेरून देवळाला हत्तींनी पाठीवर तोलून धरलंय. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. तो पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात, आणि त्याची कथा तिथलं कुणीही सांगेल. बाबा, तुम्हाला इथे दोन तास लागतील. लागू देत. आईला बसायला घडीची खुर्ची गाडीत ठेवायला सांगितली आहे.

कोल्हापूरला आगगाडीनं जा, ४७ किलोमीटर फक्त. शेवटचं स्टेशन आहे, पुढे रूळच नाहीत, त्यामुळे उतरायचं राहिलं ही भीती नाही. अंबाबाईला मंगळवार-शुक्रवार सोडून. नोव्हेंबरचा किरणोत्सव तोवर होऊन गेलेला असेल, गर्दी ओसरलेली असेल. जोतिबाला जायचं नाही, पायऱ्या फार आहेत. गोकाकचा धबधबाही नको, डिसेंबरात त्याला पाणी बेताचंच असतं, आणि आपण तो भर पावसात पाहिलाय तोच डोळ्यांपुढे राहू दे.

पंढरपूर मी यात धरलेलं नाही. आई, तू हे वाक्य वाचून गप्प होशील आणि बाबा पुढे वाचायचे थांबतील. ऐक ना. तिकडून गाडी आहे, जाता येईल, पण तू मुखदर्शनावर परत फिरणार नाहीस, पायांवर डोकं ठेवायला रांगेत उभी राहशील आणि दुसऱ्या दिवशी तुला उठता येणार नाही. उन्हाळ्याच्या आत मी रजा काढून येते. तू बसून राहायचं, मी तुझ्या जागी रांगेत उभी राहीन आणि नंबर आला की तुला बोलवेन. शब्द देते.

आता एक गोष्ट लिहायची आहे, ती मी इतका वेळ पुढे ढकलतेय.

मिरजेत दर्ग्याच्या परिसरात सतार आणि तंबोरे करणाऱ्यांची घरं आहेत. पूर्वी हत्यारं घडवणारे शिकलगार, त्यांच्याच पिढ्या पुढे वाद्यांकडे वळल्या. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे येतात, ते वाळवून त्यांचे तंबोरे होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले आणि १९३७ साली गेल्यावर त्या दर्ग्याच्याच आवारात त्यांना दफन केलं. बाबा तिथे नुसते बसून राहिले तरी दिवस सार्थकी लागला म्हणतील.

पण मी आईसाठी सांगतेय. आई, तुझा तंबोरा कपाटाच्या बाजूला उभा असायचा, गवसणीत. मी बारावी झाले त्या जूनमध्ये तो तिथे नव्हता. तू म्हणालीस, भोपळ्याला चीर गेली म्हणून दिला. मी त्यावर विश्वास ठेवला. वसतिगृहाची फी कुठून आली हे मी तिशीत आल्यावर दादानं सांगितलं, आणि तेव्हाही तुला विचारायचं धाडस मला झालं नाही. चिडू नकोस. मी काही विकत घेतलेलं नाही, कुणाला पैसे दिलेले नाहीत. तू फक्त तिथे जा, बस, चार तंबोरे छेडून बघ. जवारी, म्हणजे तारांची गुंज, कशी बोलते ते तुलाच कळेल, मला कळणार नाही. तुझी गाण्याची पट्टी काळी चार होती. आता उतरली असेल तर तसं सांग, कारागीर लावून देतात. मी आले की दोघी परत जाऊ. नको वाटलं तर नको. पण "या वयात काय करायचंय" म्हणून नको म्हणायचं नाही.

आता मुकाट्यानं ऐका. जिभेखालची गोळी बाबांच्या शर्टाच्या खिशात, प्रवासात आणि झोपतानाही हाताशी. रिपोर्टांचे फोटो दोघांच्या फोनमध्ये मी टाकले आहेत, तरी फाइल बरोबर घ्या. सामान हमालाकडे द्या, त्याच्याशी दहा रुपयांसाठी वाद घालू नका. पुण्याला चहासाठी खाली उतरायचं नाही, बाबा, अजिबात नाही. दुपारी दोन ते चार झोप. रात्री आठला मला फोन, आठ म्हणजे आठ.

मिरजेला गाडी थांबली की घाई करू नका. आईला आधी उतरवा. स्वेटर घाला, डिसेंबरात पहाटे तिथे गारठा असतो. खोलीवर पोचलात की चहा प्या आणि मग मला कळवा.

तुमची,
मनू

ता. क. कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या काकूंना किल्ली देऊन ठेवा. आणि बाबा, मी आले की एका सकाळी बेळगावच्या गाडीनं कुडचीपर्यंत जाऊन येऊ, तिघंच. सुटी नाणी मी आणते.