शाळेत धर्मगुरू कशाला?

महोदय,

सरकारी शाळांत कीर्तनकार नेमावेत, ऑस्ट्रेलियातही शाळांमध्ये पाद्री असतातच, अशा आशयाचे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. माझी दोन्ही मुले ब्रिस्बेनच्या सरकारी शाळेत शिकली, म्हणून हे लिहिते आहे.

इथे त्यांना चॅप्लेन म्हणतात, मुलांच्या तोंडी ‘चॅपी’. धर्मप्रसार करायला त्यांना नियमानेच बंदी आहे. आमच्या शाळेतली चॅपी सकाळी घंटा व्हायच्या आधी टोस्ट भाजत उभी असे. घरून उपाशी आलेली मुले तिच्याभोवती जमत आणि लोणी लावता लावता तिला कळे, की कोणाचे आईबाबा वेगळे झालेत, कोण मधल्या सुट्टीत एकटे बसते. माझ्या सासूबाई सांगलीला वारल्या तेव्हा धाकट्याने शाळेत बोलणेच टाकले होते. ती रोज त्याच्याशी हँडबॉल खेळत राहिली. मग एक दिवस तो आपणहून आजीच्या पुरणपोळीबद्दल बोलायला लागला. तिने येशूचे नावही काढले नाही. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

पण या कामाला धर्माची अट का? ऑस्ट्रेलियाच्या जॉन हॉवर्ड सरकारने २००६ मध्ये शाळांत चॅप्लेन नेमण्याची ही योजना जाहीर केली, शाळेला वर्षाला २० हजार डॉलरपर्यंत अनुदान. पुढे गिलार्ड सरकारने धर्माशी संबंध नसलेल्या कार्यकर्त्यांनाही वाव दिला, २०१४ मध्ये अ‍ॅबट सरकारने तो पुन्हा काढून घेतला. त्याच सुमारास पुण्यात शाळा समुपदेशक म्हणून काम केलेली माझी मैत्रीण चौकशीला गेली. मुलांशी कसे बोलता हे कोणी विचारलेच नाही, आधी चर्चचे शिफारसपत्र मागितले. मानसशास्त्रात एम.ए. झालेली बाई हात हलवत परत आली. पैसा मात्र सगळ्यांच्या करातला, तिच्याही.

टूवूम्बाचे एक पालक, रॉन विल्यम्स, याविरुद्ध देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१२ व २०१४ अशा दोन्ही वेळा जिंकले. मात्र निकाल केंद्राच्या खर्चाच्या अधिकारावर लागला, धर्माचा मुद्दा टिकला नाही. सरकारने तोच पैसा राज्यांमार्फत द्यायला सुरुवात केली. अखेर २०२३ पासून योजनेचे नावच बदलले. आता चॅप्लेन घ्यायचा की धर्माशी संबंध नसलेला कार्यकर्ता, हे शाळा ठरवते.

म्हणजे पत्रलेखक ज्या देशाचा दाखला देतात, त्याने ही अट सैल केली आहे. आपल्याकडे तर पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नेच मनाई आहे. मुलांना शाळेत मन मोकळे करायला हक्काचे माणूस हवे, ही पत्रलेखकांची तळमळ मला शंभर टक्के पटते. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत समुपदेशकांची कायम पदे मागावीत. त्या मागणीवर मी इथून सही करीन.

– एक मराठी पालक, ब्रिस्बेन