घानाचा साग

संपादक महोदय,

दाराच्या चौकटीसाठी वखारीत गेलो, तर ओंडक्यांच्या ढिगावर खडूने 'घाना' लिहिलेलं. कडेला पांढऱ्या, कच्च्या लाकडाचं जाड कडं. 'सीपीपेक्षा, म्हणजे आपल्या मध्य भारतातल्या सागापेक्षा, स्वस्त पडतो,' वखारवाले म्हणाले.

साग मूळचा आपल्याकडचा, पश्चिम आफ्रिकेत तो नेऊन लावलेला. घानात 2002 पासून सुधारित 'टाँग्या' पद्धतीत शेतकरी राखीव वनातल्या उजाड पट्ट्यात रोपं लावतात, सुरुवातीची दोन-तीन वर्षं मधल्या जागेत केळी घेतात. सावली दाटली की शेती बंद. लाकूड विकल्यावर 40 टक्के शेतकऱ्याचे, 40 वनखात्याचे, 15 जमीनमालकांचे, 5 गावाचे. कागदावर झकास! पण पैसा येणार कित्येक वर्षांनी, तोवर खायचं काय?

मला जास्त खटकतं ते दुसरंच. तिथे कोकोच्या शेतात आपसूक उगवलेलं ओडुमचं, म्हणजे किमती इमारती लाकडाचं, झाड शेतकऱ्याचं नसतं. 1962 च्या कायद्याने ते जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे. परवानेवाला ठेकेदार येतो, झाड पाडताना कोकोची झाडंही मोडतात. मग असलं रोप दिसताच शेतकरी कोयता चालवतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या जागी उभं राहावं.

चौकट मी घाना सागाचीच घेतली. लाकूड कुठल्या लागवडीतलं, हे बिलावर लिहून मागितलं, तर वखारवाले हसले. आयात सागाच्या बिलावर एवढी एक ओळ सक्तीची करावी, ही मागणी.

– एक वाचक, नाशिक