बग शोधत फिरू नकोस

दादर, मुंबई

प्रिय समीर,

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरसाठी टेस्टिंग करायचं ठरवलंस, छान. पण 'बग (म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष) कुठे शोधू?' या प्रश्नाने सुरुवात करू नकोस. बगझिलात, म्हणजे बग नोंदवायच्या वेबसाइटवर, 'अनकन्फर्म्ड' म्हणून पडून असलेले रिपोर्ट उघड. कुणीतरी तक्रार लिहिलेली असते आणि दुसऱ्या कुणी ती पडताळलेली नसते. दिलेल्या पायऱ्या जशाच्या तशा करायच्या. बग दिसला तर स्टेटस 'न्यू' करायचा. माहिती अपुरी असेल तर नेमकं काय हवं ते विचारून स्टेटस 'नीडइन्फो' (माहिती हवी) करायचा. कोड यायला हवा असं काही नाही. मात्र स्वतः नोंदवलेला बग स्वतःच 'न्यू' करायचा नाही.

डेली बिल्ड, म्हणजे रोज तयार होणारी चाचणीची आवृत्ती, उतरवून घे, पण घरच्या वायफायवर. काही शे एमबीची फाइल असते. ते बिल्ड वेगळ्या नावाने आणि वेगळ्या प्रोफाइलसह (स्वतःच्या सेटिंग्जच्या फोल्डरसह) बसतं, त्यामुळे रोजचं लिब्रेऑफिस शाबूत राहतं. तरी बिल्ड कच्चंच. सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट त्यात उघडायचीच असेल तर कॉपी उघड.

बग दिसला की आधी 'हेल्प' मेनूतून सेफ मोडमध्ये, म्हणजे तुझ्या सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन (जोडलेले छोटे प्रोग्राम) बाजूला ठेवून, सुरू करून बघ. तिथे तो नाहीसा झाला तर गडबड बहुधा तुझ्याच प्रोफाइलमध्ये, एखाद्या सेटिंगमध्ये किंवा एक्स्टेन्शनमध्ये. टिकला तर 'अबाउट'मधलं कॉपीचं बटण दाबून आवृत्तीची सगळी माहिती रिपोर्टमध्ये चिकटव. मग पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं. 'मराठी नीट दिसत नाही' एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही.

खरी मेहनत फाइल लहान करण्यात आहे. चाळीस पानं जोडलीस तर वाचणारा कंटाळतो. अर्धी उडव, बग आहे का बघ. नसेल तर उडवलेली अर्धी घे. पाच-सहा फेऱ्यांत एखादा परिच्छेद उरतो. आणि जोडलेली फाइल जगाला दिसते, तेव्हा सभासदांची नावं आणि थकबाकी आधी काढ. प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नावसुद्धा!

जुन्या आवृत्तीत तेच नीट चालत असेल तर ते जरूर लिही. कधी बिघडलं ते कळलं की डेव्हलपरचं निम्मं काम होतं. पुढे गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकलास की बायबिसेक्ट करता येईल, म्हणजे तयार बिल्ड्सची यादी अर्धी-अर्धी करत तपासता येईल. हजार बदलांतला दोषी बदल साधारण दहा फेऱ्यांत सापडतो.

आपण मराठी माणसांनी बघाव्यात अशा जागा वेगळ्याच आहेत. 'दऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: 'ऱ'ला हलन्त देऊन 'य', किंवा साध्या 'र'ला हलन्त, मग झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) आणि 'य'. डोळ्यांना सारखं, संगणकाला वेगळं. एका पद्धतीने लिहून दुसरीने शोध, सापडतो का बघ. पीडीएफ करून मजकूर परत कॉपी कर. पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, दिसते आधी. तिथे अक्षरं हलू शकतात. मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी केल्यावर 'ल' आणि 'श' यांचे आकार बदलतात का तेही पाहा, पण ते फॉन्टवर अवलंबून असतं. फाइलमधला फॉन्ट तुझ्याकडे नसेल तर लिब्रेऑफिस दुसरा लावतं आणि फॉन्टच्या नावाच्या पेटीत मूळ नाव तिरकं दिसतं. असे 'बग' नोंदवून हसं करून घेऊ नकोस.

आणि हो, नोंदवण्याआधी तीन-चार वेगवेगळे शब्द टाकून जुने रिपोर्ट शोध. सापडलाच तर नवा उघडू नकोस, त्याच्याचखाली तुझी आवृत्ती लिही.

तुझा,
मिलिंद