तासाला चौदाशे रुपये: सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जर्मनीला कामाला जायला निघालेल्या तुझ्या पुतण्याला एजंटाने दिलेला तक्ता पाहिला. 'जर्मनीत तासाला १,४०० रुपये, इथे दिवसाला ५००.' आकडे खोटे नाहीत, पण एकाला तासाचं माप लावलंय आणि दुसऱ्याला दिवसाचं. वर कोणताच आकडा हातात पडणारा नाही. आधी दोन्ही तासावर आणू, मग कापाकापी करू.

जर्मनीचं किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे (२०१५ साली सुरू झालं तेव्हा ८.५० होतं, २०२७ला १४.६० होईल). म्युनिक असो की एखादं खेडं, दर एकच. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रात दर उद्योगावर ठरतो, त्यात परिमंडळं (भागांनुसार पाडलेले गट), त्यात कुशल-अर्धकुशल-अकुशल, आणि वर महागाईनुसार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, बदलणारा विशेष भत्ता. त्यामुळे 'महाराष्ट्राचं किमान वेतन किती?' या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नाही. हिशोबापुरते महिना १३,००० धरू.

इथे पहिली चूक होते. लोक १३,००० ला ३० ने भागतात. भागायचं २६ ने, कारण साप्ताहिक सुट्टीचा पगार त्यातच धरलेला असतो. २६ ने भागलं की दिवसाला ५००, आठ तासांनी भागलं की तासाला ६२ रुपये ५० पैसे. युरो ढोबळमानाने शंभर रुपयांचा धरला तर फरक बावीसपट दिसतो. एजंटाला एवढंच दाखवायचं असतं.

आता कापाकापी. आपल्याकडे १३,००० वर भविष्यनिर्वाह निधी १२ टक्के म्हणजे १,५६०, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) पाऊण टक्का म्हणजे ९८, आणि पुरुष कामगाराला व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात ११,१४२. महिन्याचे २०८ तास, म्हणजे तासाला साधारण ५३ रुपये ६० पैसे. तिकडे आठवड्याला ४० तास म्हणजे महिन्याला १७३.३३, ढोबळ पगार, म्हणजे कापाकापीआधीचा, २,४०९ युरो. पेन्शन ९.३ टक्के, आरोग्य विमा ७.३ आणि वर विमा कंपनीच्या जादा दराचा निम्मा भाग, बेकारी विमा १.३, शुश्रूषा विमा (म्हातारपणी-आजारपणी लागणाऱ्या देखभालीचा) १.८. मूल नसेल तर वयाच्या २३ नंतर या शेवटच्यात आणखी ०.६ टक्के, म्हणजे पोर नाही म्हणून दंडच म्हण! त्यावर आयकर. एकट्या माणसाच्या हाती १,७०० युरोंच्या आसपास पडतात, तासाला ९.८०.

हे शंभराने गुणू नकोस. तो पगार खर्च तिथेच व्हायचा आहे, तिथल्या भावाने. दोन देशांतल्या किमतींची तुलना करून जो दर निघतो (क्रयशक्तीचा दर म्हणतात त्याला), त्यानुसार तिथे एक युरो इथल्या साधारण २८ रुपयांइतकं काम करतो. ९.८० गुणिले २८ म्हणजे २७४. भागिले ५३.६०, तर पाचपट. पाचपटही थोडी नाही, पण बावीसपट नव्हे. त्यातही म्युनिकला सामायिक घरातली एक खोली सातशे-आठशे युरोंना जाते, लाइपझिगला त्याच्या निम्म्याच्या आसपास. वेतन मात्र दोन्हीकडे तेच. शंभराचा दर फक्त घरी पाठवायच्या शिलकीला लाव.

सरासरी पगारातही असाच गुंता आहे. जर्मनीत पूर्णवेळ नोकरदारांची २०२४ची वार्षिक सरासरी सुमारे ६२ हजार युरो, पण सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधल्या माणसाची कमाई सुमारे ५२ हजार. वरच्या थोड्यांनी सरासरी ओढून धरली आहे. पुतण्याने मधला आकडा बघावा. आणि आपल्या 'सीटीसी'शी (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाशी) त्याची तुलना नकोच. सीटीसीत मालकाचा भविष्यनिर्वाह हिस्साही मोजलेला असतो, जर्मन ढोबळ पगारात मालकाचा विम्याचा हिस्सा नसतो. तो वीस-एक टक्के वेगळा जातो.

तासांचं म्हणशील, तर कायद्याची कमाल मर्यादा दोन्हीकडे ४८च आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. आपला कायदा आठवड्याला ४८ तास म्हणतो. तिकडचा कायदा दिवसाला ८ म्हणतो, सोमवार ते शनिवार. दहा तासांपर्यंत ताणता येतात, पण सहा महिन्यांची सरासरी आठवर आली पाहिजे. दोन पाळ्यांत ११ तासांचं अंतर. खरा फरक करारांमुळे पडतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या धातू-विद्युत उद्योगात युनियनच्या करारानुसार आठवडा ३५ तासांचा आहे. २०२४ साली आपल्या राज्याने कुशल मनुष्यबळाचा करार केला तो याच प्रांताशी. पण मालक युनियनच्या करारात नसेल तर बहुधा ४०.

वर्षाला तेराशे-चौदाशे तासांचा जो आकडा फिरतो, त्यात अर्धवेळ काम करणारे धरलेले असतात. तेवढ्यावरून जर्मन माणूस दुपारी घरी जातो असं समजू नकोस.

जादा कामाचं गणित मात्र उलटं आहे. आपल्या कारखान्यात जादा तासाला दुप्पट दर कायद्याने मिळतो. जर्मनीत कायद्याने जादा दरच नाही. करारात असेल तर मिळतो, नाहीतर तास खात्यात साठतात आणि बदल्यात सुट्टी. बोनसचंही तसंच. इथे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हक्काचा, तिकडे नाताळचा तेरावा पगार करारात लिहिलेला असेल तरच. आजारपणात मात्र ते लोक पुढे आहेत: चार आठवडे नोकरी झाली असेल तर सहा आठवडे पूर्ण पगार.

आणि आता मुख्य गोष्ट, जी तक्त्यात नाहीच. पुतण्या तिथे 'आउसबिल्डुंग'ला, म्हणजे शिकाऊ म्हणून जाणार आहे. शिकाऊंना १३.९० लागू नाही! त्यांची किमान रक्कम वेगळी: २०२६ला सुरुवात केली तर पहिल्या वर्षी महिना ७२४ युरो, दुसऱ्या वर्षी ८५४, तिसऱ्या वर्षी ९७७. हेही कापण्याआधीचे. युनियनच्या करारातल्या मोठ्या कारखान्यात पहिल्याच वर्षी हजाराच्या वर मिळतात, म्हणून मालक कोण हे आधी विचार. म्युनिकच्या खोलीचं भाडं वर लिहिलंय, ते ७२४ शेजारी ठेवून बघ.

त्याला एजंटाकडून सही करण्याआधीचा करार मागायला सांग. त्यात तीन गोष्टी बघायच्या: दर वर्षाची ढोबळ रक्कम, आठवड्याचे तास, आणि राहण्याच्या खोलीचे पैसे पगारातून कापणार की वेगळे. करार जर्मनमध्येच असेल. आला की मला पाठव, ओळीनुसार बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश