नानांची ट्रंक

प्रिय सुध्या,

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच “बरं, तिकडे थंडी किती?” विचारून विषय बदलला असतास. म्हणून पत्र. आम्ही सगळे ठीक, माझी शुगर आटोक्यात, हिच्या खांद्याचं दुखणं उतरलं.

परवा वेल्समध्ये एका छोट्या गाडीत बसलो. वेल्शपूल ते लानव्हायर, साडेआठ मैल. नावातच ‘लाइट रेल्वे’. फलाटावर पाटी वाचली, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, आणि तुझं नाव घेऊन मोठ्यानं ओरडलो. बार्शी लाईट, सुध्या! आपल्या कुर्डुवाडी-बार्शीच्या छोट्या गाडीचाच गेज!

ही लाईन १९०३ सालची. शेतकऱ्यांची मेंढरं, धान्य, कोळसा बाजाराच्या गावी ने-आण करायला घातलेली. १९३१ मध्ये माणसांची गाडी बंद झाली, १९५६ मध्ये मालगाडीही. आणि १९६३ मध्ये हौशी लोकांनी ती पुन्हा चालू केली. काही डबे ऑस्ट्रियातल्या डोंगरी लाईनचे, दोन्ही टोकांना उघडे सज्जे असलेले. काही थेट सिएरा लिओनहून आणलेले, कारण तिथली रेल्वेही अडीच फुटीच होती. मी सज्ज्यात उभा राहिलो. तूही तिथंच उभा राहिला असतास आणि बार्शी लाईटवर काम केलेल्या तुमच्या नानांची शिवी खाल्ली असतीस.

वेल्शपूल सुटलं की लगेच चढ. एकोणतीस फुटांमागे एक फूट. इंजिन धापा टाकायला लागलं आणि मला येडशीचा घाट आठवला. रामलिंगच्या झाडीत गाडी इतकी हळू व्हायची की तुझा थोरला भाऊ उतरून लघवीला जाऊन परत चढायचा, आणि दर वेळी वरून म्हणायचा, “गाडी माझ्यासाठी थांबते.” अजून म्हणतो का रे?

पण खरी गोष्ट पुढंच आहे. लानव्हायरला इंजिनापाशी गेलो. सत्तरीचा एक माणूस सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला फावडं कसं धरायचं ते दाखवत होता. कोळसा मधोमध फेकायचा नाही, आधी मागच्या दोन कोपऱ्यांत. धूर काळा निघाला की हात आवरायचा. ती मुलगी पगारी नाही, तोही नाही. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. मी तिथून हललोच नाही. हेच वाक्य मी तुमच्या ओसरीवर ऐकलंय. “धूर काळा, तर फायरमन आंधळा.” नाना.

आता तू म्हणशील, झालं याचं सुरू. तुझं म्हणणं मला पाठ आहे: ब्रॉडगेज झालं म्हणून लातूरहून माणूस रात्री बसून सकाळी मुंबईत उतरतो, आणि जुनी लाईन ज्या गावाला वळसा घालून जायची त्या धाराशिवला रेल्वे मिळाली. अरे, मी कुठं नाही म्हणतोय! मिरजेच्या लग्नात तू माझ्याशी यावरून जेवणाच्या पंगतीत भांडलास, आणि मी तेव्हाही हेच म्हणत होतो की ब्रॉडगेज हवीच, पण घाटाचा एखादा तुकडा चालता ठेवायला हवा होता. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली, पुढं पंढरपूर, लातूर, १९२७ मध्ये मिरज; सव्वातीनशे किलोमीटर. रूळ हलके, म्हणून ही लाईन घालणाऱ्या काल्थ्रॉप या इंजिनिअरनं प्रत्येक आसावर पाच टनच भार ठेवला, इंजिनालाही आणि डब्यालाही. तोच माणूस नंतर इकडे येऊन स्टॅफर्डशायरमध्ये अडीच फुटी लाईन घालतो, १९०४ मध्ये. ती १९३४ मध्ये बंद पडली, आता तिच्यावरून लोक सायकली चालवतात. म्हणजे इथंही सगळं राहिलं असं नाही. जिथं माणसं हटून बसली तिथंच राहिलं.

मला रात्री झोप लागली नाही ती यामुळं. वेल्शपूलला मालगाडी बंद होऊन गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत मधे सातच वर्षं गेली. ज्यांनी ती चालवली होती ती माणसं अजून गावात होती, विचारता येत होतं. आपल्याकडे शेवटचा तुकडा बंद झाला त्यालाही आता दीड दशक उलटलं. चौथऱ्यावर रंगवून ठेवलेलं इंजिन कुणालाही दिसतं, पण ते चालायचं कसं, हे सांगणारे किती उरले? तुमच्या घरात एक आहेत.

आणि तू घर विकतोयस. विक, पुण्याचा फ्लॅट चांगलाच असेल, लेकीचं कॉलेज जवळ, दुकानाचाही ताप संपला. पण माळ्यावरच्या ट्रंकेचं काय ठरवलंस? शिट्टी, हातबत्ती, लाल-हिरव्या काचांसकट, आणि त्या वह्या, ज्यात नाना रोज कुठं किती पाणी घेतलं ते लिहायचे. वहिनी म्हणाल्या, भंगारवाला येऊन बघून गेला. सुध्या, ती ट्रंक दिलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. दहावीच्या वेळी तीन महिने बोललो नव्हतो, आठवतंय ना. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर माझ्या बहिणीकडे बार्शीला ठेव, मी तिच्याशी बोललोय.

आणि ट्रंकेच्या आधी नाना. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांचं डोकं चांगलं चालतं असं तूच म्हणालास. मोबाईल शेजारी ठेव आणि विचार. आषाढीला पंढरपूरच्या गाडीला किती डबे जोडायचे, टपावर माणसं असताना भीमेच्या पुलावर वेग किती ठेवायचे. घाट उतरताना ब्रेक आधी कोण आवळायचं, गार्ड की ड्रायव्हर. ओल्या रुळांवर चाक घसरलं तर वाळू कधी सोडायची. कोळशाच्या इंजिनावरून डिझेलवर गेले तेव्हा पहिल्या दिवशी काय वाटलं. चिडले तर चिडू दे, चिडले की जास्त सांगतात. पहिलं रेकॉर्डिंग याच रविवारी पाठव, कितीही लहान असलं तरी.

तुझाच,
बंड्या