आप्पा, तो उरलेला बोल्ट सापडला

आप्पा, सप्रेम नमस्कार.

रॅक जोडून दिलीत, त्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. पेढे पाठवले तर "शुगर शे" म्हणून परत केलेत (पुडा हलका झालेला होता, ते नातीचं काम). आता हे पत्र तरी ठेवून घ्या. नात फोनवर वाचून दाखवेल. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या गल्लीत अजून तिघी-चौघी लोखंडी रॅक घ्यायच्या विचारात आहेत. तुमच्या दारात येण्याआधी त्यांनी हे वाचलं तर तुमची तेवढीच दगदग वाचेल.

सुरुवात वाळवीपासून करायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं साहित्य संमेलन आपल्या अमळनेरात भरलं. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई मी, पण त्या तीन दिवसांत ग्रंथदालनातून दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली आणि सासऱ्यांच्या वेळच्या फडताळात रचून ठेवली. पुढे श्रावणात कानबाईच्या सणाआधी घर सारवायला, रंगवायला काढलं आणि फडताळाची मागची फळी हाताला भुशासारखी लागली. खालच्या थरातल्या सहा पुस्तकांची नुसती टरफलं उरली होती, वरून अख्खी आणि आत माती. शेजारच्या कप्प्यात बिबड्यांचे (आपले ज्वारीचे पापड) आणि कुरडयांचे डबे होते, ते पत्र्याचे म्हणून वाचले. तेव्हाच ठरवलं, आता लाकूड नको.

मग मी तो शहाणपणा केला. फोनवर चित्र बघून रॅक मागवली. "प्रत्येक कप्प्यावर १०० किलो" असं लिहिलेलं होतं. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, परत करायची मुदत मी घर आवरण्यात घालवली. नवरात्रात तिसऱ्या फळीला झोळ आला, घट बसले त्या दिवशी शेंगदाण्याचा डबा आपोआप मधोमध सरकला. तो आवाज ऐकून तुम्ही ओट्यावरून आत आलात. एसटीच्या वर्कशॉपात हयात गेलेला माणूस, खडखडाट ऐकला की तुम्हाला बसवत नाही.

तुम्ही रॅककडे बघितलंच नाहीत आधी. मला विचारलंत, "वजन करं का बाई?" कसलं वजन? "डबास्नं. पुस्तकस्नं."

आप्पा, मला त्या क्षणी राग आला होता, आज कबूल करते. तीस वर्षं मुलांना मोजायला शिकवलं आणि स्वतःच्या घरात काय किती किलो आहे ते मला माहीत नव्हतं. तुम्ही घरून ताणकाटा आणलात, तो तुळईच्या खिळ्याला अडकवलात आणि खुर्चीवर बसून घेतलंत. मी वजन करायचं, मीच लिहायचं. तेलाचा डबा १५ किलोचा आणि वर पत्र्याचं वजन. दादर ज्वारीचं पीठ, उडदाच्या डाळीचा डबा, मिरचीचा डबा (मिरची फुगून दिसते, वजनाला काही नाही). आणि पुस्तकं! फूटभर रांग पिशवीत घालून टांगली तर ८ किलो. तीन फुटी फळीवर एक रांग म्हणजे २४, मागे दुसरी रांग लावली की ४८. बिबड्यांच्या अख्ख्या कप्प्याचं वजन त्याच्या पाव हिश्श्यालाही पोचत नव्हतं. मी बिबडे खाली आणि पुस्तकं वर ठेवली होती, हाताशी असावीत म्हणून.

गव्हाच्या कोठीकडे बोट दाखवून मी विचारलं, हिला कुठली फळी? तुम्ही नुसतं हसलात. क्विंटलभराची कोठी जमिनीवरच बसायची, खाली पाट घालून. तेवढं मलाही समजायला हवं होतं.

मग तुम्ही तुमचं व्हर्नियर काढलंत आणि मोडक्या फळीची जाडी मोजलीत. रंगासकट पाऊण मिलिमीटरही भरेना. त्यातले दोन्ही बाजूंच्या पावडर कोटिंगचे थरच दशांश मिलिमीटरच्या वर जातात, म्हणजे लोखंड किती ते आलंच. गेजचा, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या नंबराचा, उलटा हिशोब तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरला, आकडा वाढला की पत्रा बारीक. २२ गेज म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९, १८ म्हणजे १.२. उभे अँगल १४ गेजचे, म्हणजे २ मिलिमीटरचे घ्यायचे.

नवी रॅक घ्यायला धुळ्याला आपण एसटीनेच गेलो, मी अर्ध्या तिकिटात. तो दिवस मी विसरणार नाही. दुकानदार म्हणाला, "ही १८ गेजची फळी आहे, मॅडम, डोळे झाकून न्या." तुम्ही पिशवीतून ताणकाटा काढलात. दुकानात! मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. फळीच्या भोकात हूक अडकवलात आणि मला म्हणालात, "माले काय ईचारतस, काटाले ईचारा." एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस फूट लोखंडी पत्रा पाऊण किलोला जरासा कमी भरतो, हे तुम्ही बसमध्येच सांगून ठेवलं होतंत. फळी ३६ बाय १५ इंचाची, चारी बाजूंच्या दुमडी उलगडून धरल्या तर पाच चौरस फूट. १८ गेजची असती तर सव्वाचार किलोच्या वर भरली असती. काट्यावर आली सव्वातीन. मी तोंडी गुणाकार केला आणि दुकानदाराला सांगितलं, भाऊ, ही वीस गेज आहे. त्याने एकदा काट्याकडे बघितलं, एकदा तुमच्याकडे, आणि चहा मागवला.

मला वाटलं आता आपण ताडकन उठणार. तुम्ही चहा प्यायलात आणि तीच फळी घेतलीत, वीसच्या भावाने. खालून आडवी पट्टी मारलेली असली तर आपल्या वजनाला वीस गेज भरपूर होतं, अठराचे पैसे कशाला घालवायचे, असं तुमचं म्हणणं. तो चार फुटी फळीही दाखवत होता, दोन रॅकचं काम एकीत होईल म्हणत. ती तुम्ही हाताने बाजूला सारलीत. घरी येऊन मी कागदावर मांडलं. वजन तेच ठेवून लांबी तीनाची चार केली तर झोळ लांबीच्या घनाच्या हिशोबाने वाढतो, ६४ भागिले २७, म्हणजे दुपटीच्याही वर. तुम्हाला हे सूत्र माहीत नाही. बसच्या छतावरचे कॅरिअर दुरुस्त करून करून ते तुमच्या हाताला माहीत आहे.

पुण्याहून मुलाचं पालुपद चालू होतं, स्टेनलेसची घे, चुंबक लावून बघ. चुंबक स्वस्तातल्या २०२ ग्रेडच्या स्टेनलेसलाही धरत नाही आणि चांगल्या ३०४ लाही, मग त्यातून कळणार काय? कोरड्या खोलीत पावडर कोटिंग पुरतं. फक्त मिठाची बरणी आणि लोणचं उघड्या पत्र्यावर ठेवायचं नाही, खाली प्लास्टिकचा ट्रे हवा, आणि कुठे ओरखडा पडला तर लगेच गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईड प्रायमरचं बोट लावायचं. उंचीचंही तसंच. आठ फुटी स्वस्तात मिळत होती. तुम्ही मला हात वर करायला लावलात, जिथे बोटं पोचली तिथे पेन्सिलीची खूण केलीत आणि म्हणालात, याच्या वर काय ठेवशात? म्हणून सहा फुटी.

आता जोडणी. इथे तुम्ही माझ्यावर खरा अन्याय केलात. मी चहा करायला उठले तर म्हणालात, चहा नंतर, आणि बारा-तेराचा पाना माझ्या हातात दिलात. बासष्टाव्या वर्षी शहाबादी फरशीवर मांडी घालून मी पहिला नट फिरवला. फळीच्या कडेने बोट कापेल म्हणून जुने मोजे हातात घालायला लावलेत, विद्यार्थी बघतील म्हणून मी दार लोटून घेतलं. दोन अँगल आडवे, आधी सगळ्यात खालची फळी, मग सगळ्यात वरची, मग मधल्या तीन. बोल्टचं डोकं बाहेर आणि नट आत, म्हणजे येता-जाता लुगडं अडकत नाही. आणि एकही नट पान्याने आवळायचा नाही, नुसता बोटाने. मी दोनदा चोरून आवळला, दोन्ही वेळा तुम्हाला पाठमोरं असून कळलं. "घाई नका करा, बाई."

का, ते रॅक उभी केल्यावर समजलं. ती उभी राहिली आणि जराशी तिरकी झाली, दारू प्यालेल्या माणसासारखी. तुम्ही टेप माझ्याकडे फेकलात, कर्ण मोजा म्हणालात. कर्ण! ३६ चा वर्ग १२९६, ७२ चा ५१८४, बेरीज ६४८०, वर्गमूळ साडेऐंशी. हा हिशोब मी फळ्यावर हजार वेळा केला असेल, लोखंडी फळीवर एकदाही नाही. एक कर्ण साडेऐंशीच्या पाव इंच खाली आला, दुसरा पाव इंच वर. तुम्ही पायाशी रबरी हातोड्याचा एक ठोका दिलात, मी पुन्हा मोजलं, तुम्ही अजून अर्धा ठोका दिलात. दोन्ही कर्ण सारखे झाले आणि मग तुम्ही म्हणालात, आता आवळा. नट आधीच आवळलेले असते तर तो ठोका कुठे मुरला असता?

त्यानंतरचं मी सगळ्यांना सांगते. रॅक सरळ झाली तरी मला वाकडीच दिसत होती, वरच्या अंगाला भिंतीजवळ गेलेली. तुम्ही खिशातून ओळंबा काढलात, पितळी, दोरा काळा पडलेला. वरच्या कोपऱ्यातून सोडलात. तो झुलला, झुलत झुलत थांबला, आणि दोरा अँगलच्या कडेला असा चिकटून राहिला की मधून कागद जाईना. मग तोच ओळंबा भिंतीला लावलात. सहा फुटांत दीड इंचाचा फरक. "रॅक सरळ शे, भित वाकडी शे."

त्या भिंतीशेजारी मी बेचाळीस वर्षं राहतेय, आप्पा.

भिंतीला टेकवू दिलीच नाहीत. खाली दोन इंच, म्हणजे वर अर्धा इंच फट. वाळवी भिंतीतून सरळ फळीवर उतरणार नाही, आणि पायावरून मातीची नळी चढवलीच तर बॅटरीच्या उजेडात दिसेल. फरशीचा एक कोपरा खोल होता तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घातलात. मला वाटलं होतं भिंतीत स्क्रूसाठी गिट्टी ठोकून क्लॅम्प मारतील, पण पांढऱ्या मातीची भिंत गिट्टी धरत नाही, बोटाने निघून येते. तुम्ही क्लॅम्प लाकडी खांबाला मारलात, पुढून कोणी फळी धरून ओढली तरी रॅक अंगावर येणार नाही असा. सासऱ्यांचं धाब्याचं घर शेवटी खांबावरच उभं आहे, रॅकही त्यालाच धरून राहिली.

एवढं सगळं होऊन एक खटका राहिला होता. दुकानदाराने ६० बोल्ट मोजून दिले होते. पाच फळ्या, चार कोपरे, प्रत्येकी दोन, म्हणजे ४०. कोपऱ्यांना मारलेल्या कोनपट्ट्यांचे १६. उरायला हवेत चार. वाटीत होते पाच. आपण दोघांनी बॅटरी मारून शोधलं, तेवढ्यात लाईट गेली. "सापडी जाई" म्हणून तुम्ही घरी गेलात. मला रात्रभर झोप नाही. गणिताच्या बाईच्या घरात बाकी चुकलेली!

पंधरा दिवसांनी सगळे नट पुन्हा बघायचे, वजन बसलं की सैल पडतात, असं तुम्ही बजावलं होतं. काल बसले. सात नट पाव आटा फिरले, बाकीचे घट्ट. आणि खालून दुसऱ्या फळीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, तेलाच्या डब्याआड, बोट सरळ भोकातून आरपार गेलं. फरशीवर पालथी पडून, एका हातात फोनची बॅटरी धरून बोल्ट घातला, नट आतून लावला, आवळला. वाटीत आता चार आहेत.

तुमची,
समोरच्या घरातली बाई

ता. क. पाना माझ्याकडेच आहे. मोडकी रॅक उलगडून तिचे अँगल गच्चीवर तुळशीच्या कुंड्यांसाठी लावतेय, तोवर देणार नाही. मधेच हवा असेल तर रविवारी सकाळी या, हिरवी वांगी आणून ठेवली आहेत, भाकरीला कळण्याचं पीठ वरून तिसऱ्या कप्प्यात आहे.